रांगेतला फोन

बसच्या तिकीटखिडकीसमोर शिवणकाम करणाऱ्या बाई रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या पुढे एक उंच टेनिसपटू मुलगी आणि तिचे वडील होते. मुलीने फोन ठेवला आणि वडिलांचा दंडच धरला.

“बाबा, सुटले! सर्दीच्या गोळीतच उत्तेजक मिसळलेलं होतं, हे उत्तेजक चाचणीवाल्यांनी मान्य केलंय. बंदी उठली!”

“सुटलो गं पोरी! अकरा महिने घशाखाली घास उतरत नव्हता.”

“पहिल्या नंबरवालीला मात्र तीन आठवड्यांत सोडलं. तिच्याही गोळीतच भेसळ निघाली होती.”

“तिच्याकडे वकिलांची फौज, तुझ्याकडे हा एक रंगारी बाप. नियम म्हणे सगळ्यांना सारखा!”

“त्या रंगाऱ्यानेच गोळ्यांचं उरलेलं पाकीट तपासणीसाठी जपून ठेवलं ना!”

“हसतेस की रडतेस? डोळे पूस आधी. आणि तुझ्या दुहेरीतल्या जोडीदारणीचं काय? तिनेही तुझ्याकडचीच गोळी घेतली होती ना?”

“तिने दोन वर्षांची बंदी मुकाट्याने घेतली, बाबा. लढायला कुणी नव्हतं तिच्यामागे.”

“मग लाव तिला फोन. तुझा निकाल दाखवला की तिलाही सोडावंच लागेल.”

“हॅलो, फोन ठेवू नकोस, आधी ऐक तर! अगं, तूसुद्धा सुटशील!”

खिडकीतून आवाज आला, “पुढचे कोण?”

“त्यांचं बोलणं होऊ द्या,” मागच्या बाई म्हणाल्या. “मला कसलीच घाई नाही.”