खिडकीजवळचा कोपरा

“आजोबा, फरशी तुम्ही स्वतः बसवणार?”

अनोळखी माणसाशी बोलून दाखव, अशी त्या मुलीशी मैत्रिणींनी पैज लावली होती. तिने ती फरशीच्या दुकानातल्या रांगेतच जिंकून टाकली. मागे आई-बाबा आपापल्या मोबाइलमध्ये बुडाले होते.

“हो तर! मागच्या वर्षी एक खोली आम्हीच केली.”

“केली कसली!” शेजारच्या आजी म्हणाल्या. “यांनी दारापासून सुरुवात केली नि शेवटी दोघंही खिडकीजवळच्या कोपऱ्यात अडकलो. नुकत्याच बसवलेल्या फरशीवर पाय द्यायचा नसतो ना!”

“मग?”

“मग काय, बसलो. फोनसुद्धा दाराबाहेर राहिलेले.”

“दिवसभर?”

“ढग बघत. यांनी लग्नाआधीचं एक गाणं म्हटलं. बेसूर!”

“तू मात्र डोळे मिटून ऐकत होतीस.”

“उन्हाचा तुकडा सरकत सरकत पार दारापर्यंत गेला, तेव्हा कुठे उठलो गं.”

“या वेळी तरी कोपऱ्यापासून दाराकडे येणार ना?”

दोघं एकमेकांकडे बघून हसले.

“बघू या.”

ती गर्रकन मागे वळली.

“आई, बाबा, मिस्त्री नको. माझ्या खोलीची फरशी आपण तिघांनी बसवायची. आणि सुरुवात दारापासून!”