जेवणावरचा चहा

रक्ततपासणीच्या खोलीबाहेर माझ्या मागच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं.

“या खेपेलाही रक्त कमी निघालं, तर गुडघ्याचं ऑपरेशन पुन्हा पुढे जाईल. कळतंय ना?”

“कळतंय हो.”

“पालक काय, मसूर काय, खजूर काय. लोहाचं दुकानच मांडलंय मी तुझ्यापुढे. जातं कुठे सगळं?”

“चहात.”

“म्हणजे?”

“जेवणावर लगेच चहा घेतला, की अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. त्यापेक्षा भाजीवर लिंबू पिळा, असं नर्सबाई म्हणाल्या.”

“कधी?”

“मागच्या वेळी.”

“आणि तू अवाक्षर काढलं नाहीस? मी आपला रोज ताट उचलायच्या आत कप घेऊन हजर, आणि तू फुरके मारत बसलीस.”

“इतक्या कौतुकाने आणता. नाही कसं म्हणू?”

“खरं सांग.”

“तेच खरं.”

“अगं, खरं सांग.”

“गुडघा बरा झाला की स्वयंपाकघर परत माझ्या गळ्यात. इतक्या वर्षांनी आयतं ताट मिळतंय, अहो. तुमची अळणी आमटीसुद्धा गोड लागते मला.”

“एवढंच ना? तू आधी चालायला लाग. स्वयंपाक मीच करीन.”

“मीठ घालाल?”

“घालीन.”

“पुढचं कोण?” नर्सने दारातून विचारलं.

“आम्हीच. पण बाई, आज सुई राहू द्या, महिन्याभराने येतो. हिचं बिनचहाचं जेवण आजपासून सुरू होतंय.”