सुटणारे सांधे

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारा वेल्डर आणि प्रयोगशाळेत काम करणारी त्याची लेक नंबराची वाट बघत बसले होते.

“परवा फोनवर आईपाशी रडत होतीस, ते कशाला?”

“मी रेणूंचे पिंजरे बनवते ना बाबा, ते माझ्या चुकीने सुट्टीभर ॲसिडमध्ये राहिले. सगळे उघडले.”

“म्हणजे मेहनत वाया?”

“मलाही तसंच वाटलं. पण त्याच तुकड्यांचा दुप्पट मोठा पिंजरा तयार झाला.”

“आपोआप?”

“त्यांचे सांधे सुटतात आणि परत जुळतात. चुकीचं जुळलं तर पुन्हा सुटतात, नीट बसेपर्यंत.”

“माझे सांधे असे सुटले असते, तर लोकांनी दारात उभं केलं नसतं मला.”

“माहितीये. माझ्या लग्नाच्या दिवशी रागाने मागचं फाटक वेल्ड केलंत, ते तीन वर्षं हललेलं नाही. काल पाहुण्यासारखी पुढची बेल वाजवून आले मी.”

“डॉक्टरांना विचार, ऑपरेशननंतर कटर कधी हातात घेता येईल.”

“मी कापते, बाबा. तुमचा गॉगल कुठे असतो, ठाऊक आहे मला.”

“फक्त सांधा काप. बिजागऱ्या चांगल्या आहेत, दर महिन्याला तेल घालतो मी.”