रांगोळीवर पाय कोन देनार

माझं माहेर मलकापूरच्या अंगाचं, डोंगरातलं. तिथं पोरास्नी उड्या मारायला कुनी शिकवत न्हाय बघा, बांध चढला, वढा वलांडला, झालं. लगीन होऊन हिकडं आजऱ्याच्या बाजूला आले आन गावच्या अंगणवाडीत सेविका म्हनून लागले, ती अजून तिथंच हाय. आता काय सांगू तुम्हाला पावणं, हिकडं घरं स्लॅबची, अंगनात फरशी, पोरगं रडलं की हातात मोबाईल, आन दोन पायांवर साधी उडी मारता येईना!

त्यात एक सई, चार वर्साची. आजी तिला काखेत घिऊन यायची आन काखेतच न्यायची. डाक्टर म्हनलं हुतं, पाय चांगलं हायत, नुसती सवय न्हाय. पर अंगणवाडीत ती दोनदा पडली, तशी म्हातारी कडाडली, बाई, परत पडली तर घरीच ठेवीन, आमच्यात लेकरू असं भुईवर सोडत न्हाईत. मला आला राग, म्हनलं मग सासरलाबी काखेतच घिऊन जावा की! पर घरी बसली असती तर पोरीचं सगळं बाळपन त्या काखेत गेलं असतं.

ट्रेनिंगमधी सांगितल्यालं, खेळाचं सामान तुमच्या हातानं तयार करा. मी आपली हौसेनं सकाळी लवकर जाऊन अंगनात रांगोळीचं गोल काढलं, पावलं काढली, लाल-पिवळा रंग भरला, आन म्हनलं, मारा उड्या गोलातनं गोलात. कुठलं काय! समदी पोरं कडंकडंनं गेली. एकानं तर हातच जोडलं. मी वरडतीय, आरं पाय द्या की, आन ती म्हनत्यात, न्हाय बाई, आई मारती. व्हय की, जलमल्यापास्नं रांगोळीवर पाय पडला की पाठीत धपाटा, आन मी शानी त्यास्नी तिच्यावरच नाचा म्हनतीय! आमची मदतनीस हसून हसून खाली बसली.

मग आयांकडनं फाटक्या वाकळा मागितल्या, गोल कापून, आत चिंध्या भरून शिवलं, म्हंजे पडलं तरी लागू न्हाय. सईच्या आजीनंबी कुरकुरत एक वाकळ दिली आन पोरगीला काखेत धरून बघत हुबी ऱ्हायली. पोरं उड्या मारायला लागली, पर सई काय खाली उतरंना. शेवटी मी म्हनलं, आजी, तुमचीच वाकळ हाय, तुमीच पाय ठेवून दावा. म्हनली, ह्या वयात व्हय? म्हनलं, हितं कोन बघतंय तुम्हाला. तिनं पोरगीला खाली ठेवलं, लुगडं सावरलं आन मारली की उडी! आजी पुढं चालली बघून सईनं रडत रडत मागनं उडी टाकली आन आपटली गुडघ्यावर. मी म्हनलं, आता नेती ही घरी. म्हातारीनं हात पुढं केला. मग तिनंच मागं घेतला. म्हनली, ऊठ बाय, ये माझ्या मागनं. आन पोरगी उठली की वो!

परवा म्हातारी दारात धापा टाकत आली. म्हनली, बाई, काय करून ठिवलंसा, ही पोरगी मला गावत न्हाय आता. मी पोट धरून हसले. लई समाधान हाय बघा मला. समद्यांची लेकरं अशीच पळूदेत, म्हाताऱ्यांच्या हाताला लागू नयेत.