चेरीचं झाड

सिएटलजवळच्या त्या उपनगरात, नगरपालिकेच्या सभागृहात, नव्या वस्तीसाठी आवडलेल्या घराच्या चित्रावर हिरवी टिकली चिकटवायला रांग लागली होती. रांगेत लोर्ना आणि व्हर्न हे दोन म्हातारे शेजारी तणतणत होते.

"व्हर्न, आपली चाकांवरची घरं आहेत का रे कुठल्या चित्रात?"

"नाहीत. जोडघरं आहेत, चार मजली आहेत. आपली नाहीत."

"म्हणजे आपण मेलो की काय?"

"हळू बोल, लोर्ना."

"का हळू? घर माझं, जमीन त्या मालकाची. तो विकून मोकळा! वर म्हणतो, चाकं आहेत ना, न्या ओढत. अरे, चाकं गंजून मातीत गेली. हलवलं तर पत्रा न् पत्रा सुटेल!"

"हे बघ, आपल्याच जागेचं नवं चित्र."

"थांब. हे चेरीचं झाड..."

"तुझ्या दारातलं?"

"माझ्या नवऱ्याने, रॉयने लावलेलं. वाकडी फांदीसुद्धा तश्शी काढलीय मेल्यांनी!"

"मॅडम, कुठलं घर आवडलं?" टेबलामागच्या मुलीने हसून विचारलं.

"हे झाड राहणार का गं?"

"हो तर! जुनी झाडं आम्ही मुळीच हलवत नाही."

लोर्नाने टिकली स्वतःच्याच छातीवर दाबून चिकटवली.

"मग मलाही झाडच समज!"