देवघरातली घरघर

हसू नका, पण आमच्या घरी मी देवभोळा ठरलो तो एका रेडिओमुळे. वडिलांचा सेलवर चालणारा जुना रेडिओ मी अमळनेरहून सुरतेला आणला, पण शॉर्टवेव्हवर तो नुसता घरघरायचा. बायकोने बजावलं, "अहो, रविवारपर्यंत धड बोलला नाही, तर भंगारवाल्याला देईन."

मी गच्चीवर तार ताणली, वायफाय बंद केलं, चार्जर उपसले. घरघर तशीच. शेवटी देवघरातली लुकलुकणारी विजेची समई बंद केली आणि कुठल्याशा परक्या देशाचं गाणं घरभर स्वच्छ घुमलं. पण ती समई सासूबाईंनी दिलेली, आणि त्या समोरच बसलेल्या!

मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "आई, देवापुढे तेलाचीच समई हवी. बटणाने कसली भक्ती?"

सासूबाई गहिवरल्या. "जावईबापू, असा जावई शोधून मिळायचा नाही." आता वाती त्याच वळतात.

रेडिओ वाचला. मात्र शेजारच्या जयंतीभाईंच्या देवघरातल्या विजेच्या दिव्यांच्या माळेची थोडी घरघर अजून येत होती. काल त्यांनाही तेलाच्या दिव्याचं महत्त्व पटवलं. त्यांनी हात जोडले. "मोटाभाई, तमे तो भगत थई गया!"

उद्या वरच्या मजल्यावर जाणार आहे.