रिकामा केलेला सापळा

जिनिव्हातल्या प्रयोगशाळेच्या उपाहारगृहात लेकीच्या हातून चमचा पडला आणि शांतता मोडली. मागच्या टेबलावर दोघे संशोधक होते.

“ओदील, शिफ्ट संपली म्हणून सापळा रिकामा करून ठेवला मी. नेहमीसारखा.”

“काय? रेंझो, प्रतिद्रव्याचे सगळे अणू सोडलेस?”

“चुंबक बंद केलं. सापळ्याच्या भिंतीला लागले आणि साध्या द्रव्याशी गाठ पडताच नाहीसे झाले.”

“अरे, माझ्या प्रबंधासाठी होते ते! राखून ठेवा म्हणून बैठकीत ओरडून सांगितलं होतं.”

“तेव्हा मी कॉफी आणायला गेलो होतो. तुझीच.”

“आज यंत्र वर्षअखेरीसाठी बंद होतंय. नवे अणू आता थेट पुढच्या वर्षी.”

“माहीत आहे.”

“चेष्टा करतोयस ना? सांग ना, चेष्टाच आहे ना?”



लेकीने माझी बाही ओढली. “आई, नाहीसे झाले म्हणजे कुठे गेले?”